उन्हात टाकलेले कागद

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे असतील तर ते माझ्या थोरल्या वहिनींचे. आई गेली तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो आणि वहिनी लग्न होऊन नुकत्याच आमच्या घरी आल्या होत्या. तालुक्याच्या गावी दादांची पिठाची गिरणी होती. मॅट्रिक झाल्यावर मी गिरणीवर बसायचं हे घरात कुणी न बोलताच ठरलेलं होतं. ते मोडलं वहिनींनी. दादांना बाजाराला, वसुलीला बाहेर जावं लागे, तेव्हा गिरणीवर माणूस हवा; तर मी कॉलेजात असताना त्या वेळेला त्या स्वतः उभ्या राहू लागल्या. बाईमाणसाने गिरणी चालवायची आमच्याकडे पद्धत नव्हती. लोक दळणाचा डबा खाली ठेवायचे आणि इकडेतिकडे बघत दादांची चौकशी करायचे.

"दळती ती गिरणी. त्यास्नी कशाला इचारताय?" असं म्हणून वहिनी पट्टा चढवायच्या.

संध्याकाळी मी घरी येई तेव्हा त्यांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या असत. आमच्या घराण्यातला पहिला बी.एस्सी. मी झालो तो असा.

विषय वनस्पतिशास्त्र होता. पुढे बी.एड. केलं आणि ऐंशीनंतरच्या त्या सुरुवातीच्या वर्षांत नेरूळच्या एका नव्या शाळेत विज्ञानाचा शिक्षक म्हणून लागलो. शाळा नवी, इमारती नव्या, झाडं तर अजून लावायचीच होती. आमची शाळा नववीपर्यंत होती. दहावीची परवानगी मिळायची तर शिक्षण खात्याची तपासणी व्हायला हवी आणि तपासणीत प्रयोगशाळा दिसायला हवी. परवानगी नाही मिळाली तर मुलं दुसऱ्या शाळेत जाणार, आणि एक शिक्षक जास्त होणार. सगळ्यांत शेवटी लागलेला शिक्षक मी होतो. नुकतंच बिऱ्हाड केलं होतं, आणि आषाढाच्या सुरुवातीला आम्हाला मुलगी झाली होती. म्हणजे त्या तपासणीवर माझं काय अवलंबून होतं ते वेगळं सांगायला नको.

आमच्या मुख्याध्यापिका बाई स्पष्ट बोलायच्या. "सर, प्रयोगशाळा म्हणून आपल्याकडे एक कपाट आहे," त्या म्हणाल्या. "निदान त्या कपाटात तरी काहीतरी दिसलं पाहिजे."

मी पानांचा संग्रह करायला घेतला. इथल्याच झाडांची पानं दाबून, सुकवून, कागदावर चिकटवून, खाली नावं लिहायची. नुसता संग्रह नको, मुलांना शिरा समजल्या पाहिजेत, संयुक्त पान म्हणजे काय ते कळलं पाहिजे, म्हणून हौसेने निवडून पानं आणली. पण खाडीकाठचा पावसाळा मी पाहिलेला नव्हता. आमच्याकडे देशावर पुस्तकात ठेवलेलं पिंपळाचं पान वर्षानुवर्षं राहतं. इथे आठवड्याभरात पानांवर पांढरी लव चढली, कागद फुगले, डिंकाला वास सुटला. सगळा संग्रह टाकून द्यावा लागला. त्या दिवशी घरी येऊन मी वहिनींसमोर पुष्कळ हळहळलो. हिच्या माहेरी बाळंतपण करणारं कुणी नव्हतं, म्हणून वहिनी आमच्याकडे येऊन राहिल्या होत्या.

"ह्या गावाला ऊनच न्हाई, त्याला कागद तरी काय करणार," त्या म्हणाल्या. त्यांचंही दुखणं तेच होतं. बाळाची दुपटी आणि लंगोट वाळता वाळत नव्हते. खोल्यांतून दोऱ्या बांधल्या होत्या, शेगडीवर टोपली पालथी घालून तिच्यावर कपडे शेकवायचे, आणि तरी सकाळी हातात घेतलं की ओलं ते ओलंच. डाळींना जाळी, चिंचेला बुरशी. महिनाभर वहिनी आमच्या घरात ओलीशी भांडत होत्या.

पानांच्या बाबतीत मार्ग सुचवला तो आमच्या शेजाऱ्यांनी. ते मूळचे मालवणकडचे, तुर्भ्याच्या एका कारखान्यात ट्रेसर होते; म्हणजे यंत्रांचे नकाशे पारदर्शक कागदावर शाईने काढायचे. स्वभावाने मोकळे, आवाज मोठा.

"मास्तर, टेन्शन कशाला घेता? पानं चिकटवताच कशाला? पानांची प्रिंट काढा ना!"

"मला कुठला कॅमेरा परवडतोय!"

"कॅमेरा कोण बोलला? आमच्या हापिसात ड्रॉइंगच्या प्रिंटा काढतात त्या काय कॅमेऱ्याने?"

त्यांच्या कचेरीत नवीन मशीन आल्यामुळे जुनी लाकडी फ्रेम अडगळीत पडली होती. खाली फळी, वर जाड काच, बाजूला चिमटे. साहेबांना विचारून ती त्यांनी आणून दिली, आणि सोबत अमोनिया पेपरचा एक गठ्ठा, काळ्या कागदात गुंडाळलेला. हा कागद दिसायला फिकट पिवळसर. त्याला ऊन लागलं की पिवळेपणा उडून तो पांढरा होतो. जिथे सावली पडलेली असते तिथे पिवळा राहतो, आणि मग त्याला अमोनियाची वाफ दिली की तेवढाच पिवळा भाग निळा होतो. वाफ द्यायला यंत्र लागत नाही. पत्र्याच्या उभ्या डब्यात अमोनियात भिजवलेला कापूस ठेवायचा, कागदाची सुरळी आत सोडायची आणि झाकण लावायचं. झाकण उघडताना तोंड बाजूला करायचं, एवढंच. नाहीतर डोळ्यांतून पाणी.

जरासं ऊन दिसलं तेव्हा आम्ही गच्चीवर जास्वंदीचं एक पान लावून पाहिलं. डब्यातून कागद बाहेर काढला आणि मी बघतच राहिलो. पांढऱ्या कागदावर निळं पान. कडेचे दाते, मधली शीर, तिच्यातून फुटलेल्या बारीक शिरा, आणि एका कोपऱ्यात किडीने खाल्लेलं भोकसुद्धा. पान पातळ होतं म्हणून थोडा उजेड त्याच्या आरपार गेला होता आणि शिरा उमटल्या होत्या. याला बुरशी येणार नव्हती. कॉलेजात मी शिकलो होतो की पान उजेडाने अन्न तयार करतं. उजेड त्याचं चित्रही काढतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर पाऊस लागला तो थांबेना. तपासणीची तारीख कळवून आली. कागदाचा गठ्ठा घरच्या कपाटात होता तेवढाच. मुंबईत फोर्टातल्या दुकानात अख्खा रोल घेतला तरच मिळे, आणि शाळेची मागणी मंजूर होऊन येईपर्यंत तपासणी उरकून गेली असती. मी रोज वर्गातून आभाळ बघायचो. आमचे शिपाई जवळच्याच खाडीकाठच्या गावचे. मला खारफुटीतल्या तिवराचं पान हवं होतं आणि मी भरतीच्या वेळा विचारायला लागलो, तेव्हा ते हसले. "सर, तुमी नका जाव खारीत, बूट चिखलान जातीन. मी आनून देतंव." आणि खरंच दुसऱ्या दिवशी त्यांनी तिवराची फांदीच आणून दिली.

त्याच दिवशी दुपारी उघडीप झाली. चांगलं कडक, पिवळं ऊन पडलं. शाळा सुटेपर्यंत मला दम नव्हता. पिशवीत तिवर, करंज, शेवगा, पिंपळ, बांबू अशी पानं भरून मी घरी पळत आलो, तोवर पुन्हा भुरभुर सुरू झाली होती. दारातच वहिनी उभ्या. बऱ्याच दिवसांनी त्यांचा चेहरा इतका खुललेला पाहिला.

"भावजी, आज घावलं बगा ऊन! समदी दुपटी कडकडीत वाळली. डाळी दाखवल्या, गाद्या दाखवल्या. आन् तुमचं ते कपाटातलं कागद बी वर टाकलं हुतं. पार मऊ पडलं हुतं. आता भुरभुर आली तशी गोळा करून, हुतं तसं काळ्या कागदात बांधून ठिवलं."

मी म्हणालो, "बरं केलंत."

दुसरं काय म्हणणार? ओलीने माझे कागद एकदा नासले होते आणि मी त्यांच्यासमोर हळहळलो होतो, म्हणून तर त्यांनी ते उचलून नेले. पावसाळ्यात ऊन पडलं की घरातली जिन्नस उन्हाला दाखवायची हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. मी आत गेलो आणि कपाटाच्या दारावर हात ठेवून उभा राहिलो.

तेवढ्यात शेजारी आले. त्यांनीही ऊन पाहिलं होतं. "काय मास्तर, किती प्रिंटा झाल्या?" मी खुणेने गप्प राहायला सांगितलं, पण ते गप्प राहणारे नव्हते. गठ्ठ्यातला वरचा कागद त्यांनी ओढून काढला, डब्यात घातला, थोड्या वेळाने बाहेर काढला. कोरा. निळ्याचा ठिपका नाही.

"गेला! अख्खा पॅक गेला!" ते कपाळावर हात मारून हसले. मनात वाईट काही नव्हतं. "वहिनी, हा कागद उन्हात ठेवायचाच नसतो. तुम्ही तर सूर्यनारायणाला सगळा नैवेद्य एकदम दाखवलात!"

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हंजी? नासलं?"

"नाही हो वहिनी, दुसरे मिळतात," मी म्हणालो.

"कुटं मिळत्यात?"

मी गठ्ठ्यावर काळा कागद पुन्हा गुंडाळू लागलो. आपण बोलायला नको होतं हे शेजाऱ्यांच्या लक्षात आलं आणि ते चहा न घेताच गेले. तपासणीचं, जास्त होणाऱ्या शिक्षकाचं, सगळं वहिनींना ठाऊक होतं. आम्ही एवढ्या खोल्यांत राहत होतो की काही झाकून ठेवणं शक्यच नव्हतं. त्या बाळाला मांडीवर घेऊन बसल्या आणि तिच्या टाळूवर तेल थापत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दादा त्यांना न्यायला यायचे हे आधीच ठरलेलं होतं. मी एस.टी.पर्यंत पोचवायला गेलो. दादा पुढे जागा धरायला गेले तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भावजी, मी शिकल्याली असते तर काळ्या कागदात का बांधलंय ते आदी इचारलं असतं."

मी काही बोलायच्या आत कंडक्टरने घंटी दिली. माझ्या शिक्षणासाठी ज्यांनी एवढं केलं, त्यांच्या तोंडून मला हे ऐकावं लागलं. परतताना मला नोकरीची काळजी नव्हती असं नाही, पण तिच्यापेक्षा हे वाक्य जास्त टोचत होतं.

त्यानंतर दोन-तीन दिवस मी त्या गठ्ठ्याकडे बघितलंही नाही. मग विचार केला, छापता येत नाहीत तर हाताने काढू. कागद तरी जाड आणि चांगला आहे. संध्याकाळी पेन्सिल घेऊन बसलो, काळा कागद सोडला, आणि वरचे काही कागद पत्त्यांसारखे पसरले. सगळ्यांत वरचा पांढरा होता. त्याच्या खालचा मात्र पूर्ण पांढरा नव्हता. उजव्या कडेला वीतभर पट्टी पांढरी, आणि बाकीचा फिकट पिवळा. त्याच्या खालचाही तसाच. त्याच्याही खालचा तसाच.

मी ओरडलो, "खिडकी लाव! खिडकी लाव आधी!"

ही बाळाला घेऊन धावत आली. "अहो, झालं काय? बाळ दचकलं ना!"

"वहिनींनी कागद पसरले होते ते कसे? तू पाहिलंस?"

"गच्चीवर बाजेवर. जागा पुरेना म्हणून कौलं घालतो तसे, एकावर एक कड ठेवून. वाऱ्याने उडू नयेत म्हणून वाट्या ठेवल्या होत्या वर."

कौलासारखे! म्हणजे प्रत्येक ओळीतला वरचा एक कागद पुरता उघडा पडला होता, आणि बाकीच्यांची फक्त एकेक पट्टी. शेजाऱ्यांनी नेमका वरचाच ओढून काढला होता, आणि घाबरून आम्ही दुसरा पाहिलाच नव्हता. आता सगळे उघडून बघावेत तर आहेत तेही जातील अशी भीती. मग मी एकच कागद तसाच डब्यात सोडला. बाहेर आला तो तेवढी पट्टी सोडून सगळा निळा.

आणि मग दुसरी गोष्ट ध्यानात आली. पट्टी वाया गेली, असंही नव्हतं. छापताना पानाभोवतीचा सगळा कागद उन्हाने पांढराच व्हायचा असतो. वहिनींच्या उन्हाने तेवढा भाग आधी पांढरा करून ठेवला होता, इतकंच. पान डावीकडे ठेवलं की झालं.

मला त्याच क्षणी गावी पत्र टाकायचं होतं. हिने थांबवलं. "कागद आहेत, पण ऊन कुठंय? तुम्ही आज सगळं ठीक म्हणून कळवाल, आणि तपासणीत नाही म्हणाले तर त्यांना पुन्हा पहिल्यापासून लागून राहील. काय ते एकदाच कळवा." तिचं म्हणणं मला पटलं.

ऊन मिळालं ते तुकड्यातुकड्यांनी. रविवारी सकाळपासून मी आणि शेजारी गच्चीवर ठाण मांडून होतो. ढग सरकला की फ्रेम उघड्यावर, ढग आला की फ्रेमवर गोणपाट. "आला, आला, झाका!" "गेला, काढा!" असं आमचं चाललेलं. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी वर येऊन विचारलं, "सोसायटीच्या गच्चीवर कसला हा वास सोडलाय? आमच्या भातापर्यंत येतोय!" शेजाऱ्यांनी त्यांना शेवग्याची प्रिंट दाखवली. काकूंनी ती नाकापासून लांब धरून पाहिली, "अगंबाई, रांगोळीच की," म्हणाल्या, आणि डबा जिन्यापासून लांब ठेवायच्या अटीवर खाली गेल्या. शेजारी मनातून ओशाळले होते. "इतकी वर्षं ट्रेसिंग करतोय मास्तर," ते म्हणाले, "पण कागद असा कौलारू लावलेला कधी बघितला नव्हता."

निळा थोडा फिका आला, कारण पसरताना आणि गोळा करताना कागदांना उजेड लागलाच होता. पण पानं उमटली. बांबूच्या समांतर शिरा, पिंपळाचं लांब टोक, शेवग्याची पानातली पानं. तिवराचं पान जाड, त्याची नुसती भरीव सावली आली. पण त्याच्याजवळ करंज लावल्यावर जाड पान आणि पातळ पान यांतला फरक मुलांना न सांगता कळेल असं दिसलं. प्रत्येक कागदाच्या उजव्या पट्टीत मी काळ्या शाईने पानाचं नाव, शिरांचा प्रकार आणि ते कुठे मिळालं ते लिहिलं.

तपासणीला आलेले अधिकारी वयस्क होते, फार बोलत नव्हते. पाण्याचा नळ पाहिला, कपाट पाहिलं, एकुलत्या एका सूक्ष्मदर्शकाची काच रुमालाने पुसून पाहिली. मग पानांच्या तक्त्यांशी आले.

"हे कुठून विकत आणलेत?"

"विकत नाही साहेब. इथलीच पानं आहेत. उन्हावर छापली."

"श्रावणात?"

"जेवढं मिळालं तेवढ्यावर."

त्यांनी एकेक कागद हातात घेतला. वर्गातल्या एका मुलीला बोलावून दोन पानांतला फरक विचारला. ती म्हणाली, "सर, ह्यातून ऊन गेलंय, आणि ह्याने अडवलंय." ते प्रथमच हसले. मग मला म्हणाले, "आणि नावाला सगळीकडे एकसारखी जागा सोडलीय. आखणी चांगली आहे."

"ती जागा आमच्या वहिनींनी सोडलीय, साहेब."

बाई मागून खाकरल्या. अधिकाऱ्यांनी विचारलं, "त्या चित्रकार आहेत का?"

"नाही. बाळंतपणाला आल्या होत्या."

त्यांनी कागद परत नीट लावून ठेवला. जाताना बाईंना एवढंच म्हणाले, की प्रयोगशाळा लहान आहे, पण मुलं तिच्यात शिकतायत, तसं मी लिहितो. बाईंनी त्यांना गाडीपर्यंत सोडलं आणि परत येऊन माझ्या वर्गाच्या दारात उभ्या राहिल्या. "सर," त्या म्हणाल्या, "बिऱ्हाड हलवू नका."

छातीवरची धोंड उतरणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. घरी आलो तर दादांचं कार्ड येऊन पडलेलं. नेहमीची खुशाली, आणि खाली बारीक अक्षरात: "तुझी वहिनी तिकडून आल्यापासून शनिवार धरते. रात्रीसुद्धा जेवत नाही. कशासाठी ते विचारलं तर सांगत नाही. तिकडे काही झालं का?"

मी शर्टही न बदलता पत्र लिहायला बसलो; वहिनींना अक्षर लावून वाचता येई, म्हणून मोठ्या अक्षरात. ते पत्र पुढे वहिनींनी जपून ठेवलं आणि हे लिहिण्यासाठी मला परत दिलं, म्हणून इथे जसंच्या तसं उतरवता येतंय.

"ती. वहिनींस,

नमस्कार. आधी मुख्य गोष्ट. तपासणी चांगली झाली. दहावी मिळणार असं बाई म्हणतात. माझी नोकरी राहिली.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे. तुम्ही उन्हात टाकलेले कागद नासले नव्हते. आम्ही वरचा एक पाहून घाबरलो. तुम्ही कौलं घालतात तसे ते पसरले होते ना, त्यामुळे प्रत्येकाची फक्त एक कड उन्हात राहिली, आणि ती कड पांढरीच व्हायला हवी होती. त्याच कडेवर मी पानांची नावं लिहिली. मी तुमची समजूत काढतोय असं तुम्हाला वाटेल, म्हणून एक कागद सोबत पाठवतोय. त्यावर जो निळा गोल दिसतोय तो तुम्ही ठेवलेल्या वाटीचा. वाटीखाली ऊन गेलं नाही, आणि छापतानाही ती जागा मी झाकून ठेवली, म्हणून तेवढं निळं झालं. शेजारचं पान करंजाचं आहे.

एस.टी.पाशी तुम्ही जे बोललात त्याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. काळा कागद कशासाठी ते विचारायचं काम तुमचं नव्हतं, सांगायचं काम माझं होतं. मी शिकलेला आहे, आणि कसा शिकलो ते तुम्हाला आणि मला माहीत आहे.

बाळ बरं आहे. अंघोळीला रडतं, तुमच्या हाताची सवय झालीय. दुपटी अजून ओलीच आहेत.

दादांचं कार्ड आलं. त्यांना मी यातलं काही कळवलेलं नाही, तुम्हाला वाटलं तर सांगा. पण येत्या शनिवारी रात्री पोटभर जेवा, आणि जेवलात की दादांना मला एक कार्ड टाकायला सांगा. ते येईपर्यंत माझा जीव तिकडेच राहील.

तुमचा धाकटा दीर"